दुय्यम किल्लीधारक आणि चाकांची खुर्ची

दुय्यम किल्लीधारक, वर्ग दोन, कायम. वय त्रेपन्न. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर व्रण. दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. राजकीय मत नाही. धार्मिक मत बेताचे. व्यसन : चहा. स्वभाव शांत, चिथावणी दिली असता अधिक शांत. वैवाहिक स्थिती : विवाहित व स्थिर. अण्वस्त्र प्रक्षेपणासंबंधी स्वतंत्र विचार करण्याची प्रवृत्ती : आढळली नाही.

हा कागद दर वर्षी नव्याने टाइप होई आणि त्यात वय तेवढं बदले. सतरा वर्षांत शेवटचं वाक्य एकदाही बदललं नव्हतं, आणि त्याचा दुय्यमना मनातून अभिमान होता. त्यांच्या बायकोने तो कागद एकदा, पाहू नये असं असताना, पाहिला होता. वाचून ती म्हणाली, "एवढंच कशाला, कुठलीच आढळली नाही असं लिहा म्हणावं. मी सही करते."

दुय्यम ज्या कचेरीत काम करत ती बाहेरून पाणीपुरवठ्याच्या कचेरीसारखी दिसे. तशीच दिसावी म्हणून तिच्यावर बराच खर्च झाला होता. नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार करायला लोक येतही असत, आणि दारावरचा पहारेकरी त्यांच्या तक्रारी लिहून घेई. या कचेरीखाली दोन मजले उतरलं की एक पोलादी दार, आणि दारामागे ती खोली. खोलीत दोन टेबलं. प्रत्येक टेबलाला एक किल्लीचं भोक, त्यात किल्ली आणि वर एक लाल दिवा, कधीही न लागलेला. भिंतीवर सेकंदाचा दशांशही दाखवणारं घड्याळ. कोपऱ्यात एक यंत्र, ज्यातून हुकमाचा कागद बाहेर यायचा होता. तो आजवर आला नव्हता. आला की तिजोरीतल्या पाकिटातल्या कागदाशी तो ताडून पाहायचा, जुळला तर दोघांनी आपापली किल्ली फिरवायची, आणि मग पुढे जे व्हायचं ते होणार. ते काय, हे खोलीतल्या सूचनाफलकावर लिहिलेलं नव्हतं. 'खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करावा' हे लिहिलेलं होतं.

सगळी मेख दोघांनी या शब्दात होती. एका माणसाचं डोकं फिरू शकतं. दोघांचं एकदम, एकाच टप्प्यावर, एकाच दिशेने फिरणं अवघड, असा सरकारचा अनुभव होता. म्हणून दोन्ही किल्ल्या दोन सेकंदांच्या आत फिरल्या तरच उपयोग. आणि दोन टेबलांमध्ये बारा फूट अंतर. हे बारा फूट कुणी उगाच ठरवले नव्हते. तेव्हाच्या मंडळींनी पलटणीतला सगळ्यात लांब हातांचा माणूस बोलावून त्याला मधोमध उभा केला आणि त्याचे हात दोन्हीकडे पोचत नाहीत याची खात्री केली. मग धावण्यात बक्षिसं मिळवलेल्या एका जवानाला एका खुर्चीत बसवून दुसऱ्या टेबलापर्यंत पळवलं. त्याला सव्वातीन सेकंद लागले. मंडळी खूश झाली. त्यांनी दोन लोखंडी खुर्च्या जमिनीत बोल्टने घट्ट बसवल्या आणि ती निवृत्त झाली.

पहिल्या टेबलाशी प्रथम किल्लीधारक बसत. त्यांना सगळे मुख्य म्हणत. नावं घेण्याची तिथे पद्धत नव्हती, आणि सतरा वर्षांनी त्यांची गरजही उरली नव्हती. मुख्य अंगाने भारी, आवाजाने हळू आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गृहस्थ होते. दुपारी अडीच वाजले की त्यांची हनुवटी छातीवर टेके आणि साडेचारला उचलली जाई. मधला वेळ ते झोपत. बायको गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, हे चाललं होतं. पहिल्यांदा दुय्यमनी त्यांना उठवलं होतं. तेव्हा मुख्य डोळे चोळत म्हणाले होते, "माफ करा हो. घरी अजिबात लागत नाही. घरी कोणी जागं नसतं ना."

 दुय्यमनी त्यांना पुन्हा उठवलं नाही. नियमाप्रमाणे खोलीत दोन माणसं जागी हवी होती. अडीच ते साडेचार दुय्यम दोघांच्या वाटचं जागत असत, आणि त्यात हयगय करत नसत.

अडचण एवढीच होती की लोखंडी खुर्चीने त्यांची पाठ गेली. ज्यांनी ती खुर्ची बनवली, त्यांचं मत बहुधा असं होतं की जगाचा निकाल लावायला बसलेल्या माणसाला आराम कशाला. पण दुय्यमना निकाल लावायचा नव्हता, नुसतं आठ तास बसायचं होतं. त्यांनी खुर्ची बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. अर्ज चार वर्षं फिरला. अकरा टेबलांवर त्याची छाननी झाली. खुर्चीचं कापड पेट घेतं का, गादीत काही लपवता येतं का, रंग डोळ्यांना त्रास देतो का, हाताच्या पट्ट्यांना धार आहे का, हे सगळं तपासलं गेलं. चाकांबद्दल कोणी काही विचारलं नाही, कारण छापील नमुन्यात चाकांचा रकाना नव्हता. ज्यांनी नमुना छापला त्यांच्या काळी फर्निचर जिथे ठेवलं तिथे राहत असे.

खुर्च्या आल्या, उत्तम होत्या. बोल्ट काढल्यावर जमिनीला भोकं पडली म्हणून ती झाकायला गुळगुळीत अंथरणंही घातलं गेलं. मुख्य बसल्या बसल्या म्हणाले, "दुय्यम, पुण्य लागेल हो तुम्हाला." आणि अडीच वाजायची वाट न पाहता झोपले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला दुय्यमनी पाठ मोकळी करायला म्हणून टेबलाच्या पायाला पाय लावून आळस दिला. खुर्ची निघाली. ती बारा फूट सरळ, आवाज न करता गेली आणि मुख्यांच्या टेबलाला हलकेच टेकून थांबली. दुय्यमचा उजवा हात मुख्यांच्या किल्लीपासून वीतभर अंतरावर होता. मुख्य घोरत होते.

दुय्यम परत आपल्या जागी आले. हे चुकून झालं असेल, असं त्यांना वाटलं. ते चुकून झालं की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत केलं. एक पूर्णांक आठ सेकंद. चौथ्यांदा एक पूर्णांक सात. पाचव्यांदा परत येताना त्यांच्या लक्षात आलं की आपण सराव करतो आहोत.

मग ते आपल्या टेबलाशी दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत फोटो काढताना बसतात तसे, साडेचारपर्यंत बसून राहिले.

"घाम आलाय तुम्हाला," मुख्य उठल्यावर म्हणाले.

"खुर्ची चांगली आहे," दुय्यम म्हणाले.

"आहेच. मला तर पाठ टेकली की लागते."

दोष दिसला की कळवायचा, हा नियम दुय्यमना पाठ होता. त्यासाठी नमुना सात होता. त्यांनी तो घेतला. नाव, हुद्दा, तारीख, वेळ भरली. चौथ्या रकान्यात छापलं होतं : 'दोष आढळला त्या वेळी दुसरा कर्मचारी काय करीत होता?' पाचव्यात : 'दोषाची खात्री किती वेळा केली?' आणि तळाला बारीक अक्षरांत : 'एकट्याने प्रक्षेपण करण्याच्या मार्गाचा विचार केलेला कर्मचारी त्या क्षणापासून या पदास अपात्र समजला जाईल.'

नमुना सात त्यांनी चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि घरी आणला. तसं करायला नियमाची मनाई होती. सतरा वर्षांतला हा त्यांचा पहिला नियमभंग. म्हणजे खुर्चीचे पाच आणि मुख्यांच्या तीन वर्षांच्या झोपा धरल्या नाहीत तर.

घरीही दुय्यम नियमाने वागत. गॅस बंद केला हे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने बघायचं. दाराला कुलूप लावताना दोघांनी ओढून पाहायचं. बायको बाजारात गेलेली असली की दुय्यम दूध तापवायला ठेवत आणि ते वर आलं तरी दुसरं माणूस यायची वाट पाहत. बायको शाळेच्या कचेरीत परीक्षेचं काम बघे. तिला पाकिटं, लाखेची सीलं आणि कपाटाच्या किल्ल्या यांचं कौतुक राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर दुय्यम म्हणाले, "समजा, एक ऑफिस आहे."

"तुमचं."

"एक ऑफिस. त्यात एक काम असं आहे की ते दोघांशिवाय होऊ नये."

"बरं."

"आणि एकाला अचानक कळलं, की ते एकट्याने होतं."

"भाऊजी झोपले होते ना?" बायको म्हणाली.

 मुख्यांना ती भाऊजी म्हणे.

"त्या ऑफिसातले म्हणते मी," ती म्हणाली. "कळलं तर कळलं. सांगून टाकायचं वर."

"सांगितलं तर ज्याला कळलं त्याला काढतात."

"त्याला का? त्याने तर सांगितलं."

"त्याने विचार केला म्हणून."

बायकोने भांडी ठेवायचं थांबून त्यांच्याकडे नीट पाहिलं. सतरा वर्षांचा कागद खोटा पडला याचं तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "आणि नाही सांगितलं तर?"

"तर काही नाही. मी काही करणार नाही. पण मी काय कायम आहे तिथे? उद्या माझ्या जागी दुसरा येईल. त्याचं घरी भांडण झालेलं असेल. मुख्य झोपलेले असतील. आणि खुर्ची तीच."

"किती वेळ लागतो?"

"एक पूर्णांक सात." आणि हे ऑफिस कुठलंही असू शकतं हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

बायको बसली. "आमच्याकडे भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेचं पाकीट फोडायला तीन सह्या लागतात. तुमच्याकडे खाली दोन. वर किती लागतात?"

"वर म्हणजे?"

"हुकूम देतात ते."

"वर एक."

"एकच?"

"वर एकच. घाईचं काम असतं."

"आणि त्यांच्यासमोर कोण बसतं? बारा फुटांवर?"

दुय्यमनी यावर कधी विचार केला नव्हता, आणि आठवड्यात दुसऱ्यांदा विचार करायची त्यांची तयारी नव्हती. "तो आपला प्रश्न नाही," ते म्हणाले. "आपला प्रश्न असा आहे, की मी हे सांगितलं तर मला काढतील, ते ठीक. पण चौथा रकाना आहे. मुख्यांना पण काढतील."

"काढू देत. दोनच वर्षं राहिली आहेत त्यांची. घरी बसतील."

"घरी त्यांना झोप लागत नाही."

बायको उठून उरलेली भांडी ठेवू लागली. मग म्हणाली, "मग ते झोपणार कुठे?"

नमुना सातमध्ये हा रकाना नव्हता.

काय करायचं ते ठरवायला दुय्यमना फार दिवस मिळाले नाहीत, कारण शुक्रवारी वार्षिक मुलाखत होती. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या आणि दर वर्षी तेच एकतीस प्रश्न विचारून थकल्या होत्या. झोप लागते का, स्वप्नं पडतात का, वरिष्ठांचा राग येतो का. शेवटचा प्रश्न होता, 'हे काम एकट्याने करता येईल असं कधी मनात आलं का?' दुय्यम तोंड उघडण्याआधीच बाईंनी 'नाही'वर खूण केली होती.

"हो," दुय्यम म्हणाले.

बाईंनी खुणेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खण उघडून त्यांनी पांढरी शाई काढली आणि खूण पुसली. ती वाळेपर्यंत दोघंही थांबले.

"किती वेळा?"

"पाच."

"पाच वेळा विचार आला?"

"विचार एकदाच. पाच वेळा जाऊन आलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आळस, चाकं, घड्याळ. बाई लिहीत होत्या. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच कागद पुरेना.

"त्या वेळी मुख्य काय करत होते?"

"खुर्चीत होते."

"खुर्चीत काय करत होते?"

दुय्यमनी विचार केला. हल्ली ते जमू लागलं होतं. "मला विरोध करत नव्हते," ते म्हणाले.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. निघताना दुय्यमनी विचारलं, "ही मुलाखत वरच्यांची पण होते का?"

"कुठल्या वरच्यांची?"

"हुकूम देतात त्यांची."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तो विभाग माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या, आणि बहुधा कोणाकडेच नाही हे सांगण्याची त्यांना परवानगी नव्हती.

सोमवारी चौकशी समिती खाली उतरली : कचेरीचे साहेब, सुरक्षा अधिकारी आणि डॉक्टरीणबाई. किल्ल्या काढून तिजोरीत ठेवल्या गेल्या. मुख्यांना त्यांच्या खुर्चीत बसवण्यात आलं. कशासाठी, हे त्यांना सांगितलं नव्हतं. दुय्यमनी करून दाखवलं. एक पूर्णांक आठ.

"योगायोग," साहेब म्हणाले. "उठा. मला बसू द्या."

साहेब वजनदार होते. त्यांनी टेबलाला पाय लावून जोर दिला, खुर्ची निघाली, मध्येच तिरकी झाली आणि भिंतीकडे तोंड करून थांबली. दोन पूर्णांक सहा. "बघा," साहेब भिंतीकडे बघत समाधानाने म्हणाले, "होत नाही."

"मी बघू का?" सुरक्षा अधिकारी म्हणाले. ते सडपातळ होते. एक पूर्णांक पाच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शाबासकी कोणी देणार नाही हे उशिरा त्यांच्या ध्यानात आलं. मग डॉक्टरीणबाईंनी, शास्त्रीय दृष्ट्या दोन वेळा तरी व्हायला हवं म्हणून, तीन वेळा केलं. साहेबांनी बूट काढून पुन्हा केलं. अर्धा तास समिती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौकशी करत होती. देशातले आणखी तीन जण त्या दिवशी अपात्र ठरायला हवे होते, पण समितीसाठी वेगळा नियम होता.

शेवटी साहेब बूट घालत मुख्यांकडे वळले. "हे गृहस्थ पाच वेळा तुमच्या टेबलाला येऊन टेकले. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

दुय्यमनी रविवारभर उत्तर तयार करून ठेवलं होतं. "साहेब, ते नोंदवहीत..."

"झोपलो होतो," मुख्य म्हणाले.

"झोपला होतात?"

"हो."

"किती वेळ?"

"तीन वर्षं," मुख्य म्हणाले. "रोज दुपारी. अडीच ते साडेचार. सुट्ट्या सोडून."

 साहेब दुय्यमकडे वळले. "आणि हे तुम्ही कळवलं नाही."

"नाही."

"का?"

"मी जागा होतो ना," दुय्यम म्हणाले.

मुख्य आपल्या हातांकडे बघत होते. "घरी लागत नाही, साहेब," ते म्हणाले. "मंडळी गेल्यापासून. इथे हे असतात. हे जागे असतात म्हटल्यावर मला... यांचा दोष नाही. मीच यांच्या भरवशावर राहिलो."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारायचं होतं, पण त्यांच्या एकतीस प्रश्नांत ते नव्हतं. साहेबांनी इतिवृत्तात लिहिलं : 'कारण वैयक्तिक.'

वर जाताना जिन्यात मुख्य दुय्यमना म्हणाले, "वेड्यासारखे खोटं बोलायला निघाला होतात. तुमच्याने नीट बोलवत तरी होतं का?"

"चार वेळा घोकलं होतं."

"नोंदवही दोन वाजता बंद होते, दुय्यम. एवढंही घोकलं नाहीत." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. त्यांना मध्ये एका पायरीवर थांबावं लागलं.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. चाकं काढल्यास खुर्चीची हमी रद्द होत होती, म्हणून चाकं राहिली. खुर्च्या साखळीने टेबलांच्या पायांना बांधण्यात आल्या आणि साखळीच्या कुलपाची किल्ली साहेबांकडे, एकट्यांकडे, देण्यात आली. दुसऱ्या परिच्छेदात, दुय्यम किल्लीधारकाने यंत्रणेतील गंभीर दोष निदर्शनास आणल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं होतं, आणि त्याच कारणास्तव त्याला पदावरून दूर केलं होतं. त्याची रवानगी वरच्या मजल्यावर, पाणीपुरवठ्याच्या तक्रारी लिहून घ्यायला. पहिली पाळी, सकाळी सहा ते दोन. प्रथम किल्लीधारकास प्रकृतीच्या कारणावरून मुदतपूर्व निवृत्ती. तिसऱ्या परिच्छेदात असं म्हटलं होतं की परस्परांवर अवाजवी विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती उभयतांमध्ये आढळल्याने, उभयतांनी यापुढे कोणत्याही बंद खोलीत, कोणत्याही प्रयोजनासाठी, एकत्र राहू नये. तसे केल्यास ते सुरक्षिततेस बाधक मानले जाईल.

मुख्य रोज अडीच वाजता दुय्यमच्या घरी येतात. रस्त्याच्या आवाजामुळे बायको बाहेरच्या खोलीचं दार लावून घेते. मुख्य पलंगावर झोपतात, दुय्यम खुर्चीत बसून पेपर वाचतात, आणि साडेचारला चहा होतो.